विज्ञान अकादमीचे कार्य



राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे कार्य केवळ विद्वानांचा सन्मान करण्यापुरते मर्यादित नाही. देशाच्या उत्पादक शक्तींचा विकास आणि सत्याचे संशोधन ही दोन्ही कर्तव्ये तिला पार पाडावी लागतात. सोव्हिएत अकादमीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

झार पीटरने १७२४ साली स्थापन केलेल्या या संस्थेपुढे एप्रिल १९१८ मध्ये लेनिनने नवे कार्य ठेवले. उद्योगधंद्यांच्या पुनर्रचनेची योजना अकादमीने तज्ज्ञांकरवी तयार करावी आणि विद्युतीकरणाकडे विशेष लक्ष पुरवावे, असे त्याने सुचविले. १९५७ साली अकादमीची सैबेरियन शाखा स्थापन झाली आणि नोवोसिबिर्स्कजवळ विज्ञाननगरी उभी राहिली.

याच इतिहासात एक कटू धडाही आहे. जगभरची बियाणी गोळा करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांना १९४० साली अटक झाली. १९४३ साली सारातोवच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. १९४८ च्या कृषी अकादमीच्या अधिवेशनात, आपल्या अहवालाला केंद्रीय समितीची मान्यता असल्याचे लिसेंकोने जाहीर केले आणि आनुवंशिकीच्या संशोधनावर गदा आली. प्रयोगाने सोडवावयाचा प्रश्न अधिकाराच्या बळावर निकालात काढण्यात आला. त्याची किंमत श्रमिकांच्या राज्यालाच मोजावी लागली.

भांडवलशाही रशियात २०१३ च्या कायद्याने संशोधनसंस्था अकादमीच्या हातून काढून सरकारी यंत्रणेकडे सोपविल्या. संस्थांवाचून अकादमी दुबळी होते.

विज्ञानापुढे कोणते प्रश्न आहेत हे जनतेने अवश्य सांगावे. त्यांची उत्तरे मात्र प्रयोगाच्या कसोटीवरच ठरली पाहिजेत.