तुरुंगात कायदा शिकलेला घोडेस्वार

आजची गोष्ट अमेरिकेतल्या जॉन मोस्बीची. कॉलेजात असताना त्याने एकावर गोळी झाडली आणि तुरुंगात गेला. पण ज्या सरकारी वकिलाने त्याला आत पाठवलं, त्याच्याचकडून पुस्तकं घेऊन गडी कायदा शिकला!

१८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं. मोस्बी दक्षिणेच्या घोडदळात होता. १८६३ मध्ये रात्री शत्रूच्या गोटात शिरून त्याने एका जनरलला चक्क अंथरुणातून उठवून पकडून नेलं.

मला मात्र युद्धानंतरचा मोस्बी जास्त भिडतो. व्हर्जिनियातल्या वॉरेंटन गावात तो वकिली करू लागला. १८७२ च्या निवडणुकीत त्याने पाठिंबा दिला कुणाला? दक्षिणेला हरवणाऱ्या ग्रँटला! लोक खवळले, धमक्या आल्या. पुढे दक्षिणेतले बरेच जण म्हणू लागले, युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतंच. १९०७ च्या एका पत्रात मोस्बीने स्पष्ट लिहिलं, त्यासाठीच होतं. आपण लढलो याची लाज वाटत नाही, हेही लिहिलं. ते मला पटत नाही. पण त्याने कारण लपवलं नाही.

१९१६ मध्ये तो वॉशिंग्टनमध्ये वारला. पुरलं मात्र वॉरेंटनमध्येच, जिथे कधीकाळी लोकांनी त्याला गद्दार ठरवलं होतं.

मी तर कोडमधला बग माझा आहे हे मीटिंगमध्ये सांगतानाही अडखळतो. तुमचं काय? भेटू पुढच्या भागात!