आवृत्ती केव्हा बदलावी?



दिल्लीच्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने देशातील अनेक जिल्हा प्रशासनांची संकेतस्थळे ‘एस-थ्री-वास’ या एकाच चौकटीवर उभारली आहेत. अशा व्यवस्थेत मूळ चौकटीतील दुरुस्ती सर्वांच्या उपयोगी पडते. नोएडा किंवा गुरुग्राम येथील एखाद्या सॉफ्टवेअर कार्यालयाची स्थिती बहुधा निराळी असते. तेथील पाच-सहा कामे वेगवेगळ्या वर्षी सुरू झालेली असतात आणि प्रत्येकाच्या पायाशी फ्रेमवर्कची वेगळी आवृत्ती असते. यांपैकी कोणती केव्हा बदलावी, हा तेथील नित्याचा प्रश्न होय.

सुरळीत चाललेल्या कामाला हात लावू नये, असे पुष्कळांना वाटते. अमेरिकेतील इक्विफॅक्स कंपनीचे उदाहरण त्यांनी पाहावे. ‘अपाची स्ट्रट्स’ या फ्रेमवर्कमधील एका दोषावरील दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये जाहीर झाली. कंपनीच्या एका जुन्या संकेतस्थळावर ती बसविली गेली नाही. मे महिन्यात चोरांनी त्याच वाटेने प्रवेश केला आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची खाजगी माहिती त्यांच्या हाती पडली.

याउलट, नवी आवृत्ती निघताच ती स्वीकारणेही शहाणपणाचे नसते; तिच्यावर अवलंबून असणारी इतर साधने तोवर सिद्ध झालेली नसतात. निर्णयाचा आधार म्हणून दिनदर्शिकाच घ्यावी. ‘जँगो’ची दीर्घ मुदतीची ४.२ ही आवृत्ती एप्रिल २०२३ मध्ये निघाली व तिच्या दुरुस्त्यांची मुदत एप्रिल २०२६ पर्यंत ठरली. पुढची ५.२ आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये आली. म्हणजे स्थलांतरासाठी बारा महिने मिळाले. सहा कामे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन महिने येतात.

क्रमही विचारपूर्वक लावावा. प्रथम एखादे लहान काम घ्यावे. त्यातून अडचणींचा अंदाज येतो. त्यानंतर नागरिकांची माहिती साठविणारी कामे व शेवटी कार्यालयांतर्गत कामे घ्यावीत. जे काम लवकरच बंद व्हावयाचे आहे, त्याची आवृत्ती बदलू नये. मात्र बंद करण्याची तारीख मुदतीच्या आत असावी आणि ती पाळली जावी.

अर्जात आपले नाव व पत्ता भरणाऱ्या नागरिकाला आवृत्तीची कल्पना नसते. म्हणून मुदतीची नोंद ठेवणे व त्यासाठी वेळ आणि खर्च राखून ठेवणे, हे कार्यालयप्रमुखाचे कर्तव्य ठरते.