दान नव्हे, वसुली

अध्यक्षपद दिलंत, शाल दिलीत, नारळ दिलात. आभारी आहे. आभाराचं काम इथेच उरकतो, कारण उरलेला वेळ मला भांडायला लागणार आहे.

भांडण सकाळच्या भाषणांशी आहे. उद्घाटनाला जे जे बोलले त्यांनी थोड्याफार फरकाने एकच आरती म्हटली: अमेरिका या देशाने आपल्याला भरभरून दिलं आणि आपण ते आपल्या गुणवत्तेवर कमावलं. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत, हे पुढच्या रांगेतल्यांच्या लक्षात आलं असेलच.

आधी गुणवत्तेचं बघू. भगतसिंग थिंड हा पंजाबी तरुण पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात होता. १९२३ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हा माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, सबब त्याला नागरिकत्व नाही. आपल्याकडच्यांना इथे येण्याचं दार १९१७ आणि १९२४च्या कायद्यांनी बंदच झालं होतं. १९४६ला ते जरा किलकिलं केलं, ते किती? अख्ख्या हिंदुस्थानातून वर्षाला शंभर माणसं. गिरगावातल्या एका चाळीत याहून जास्त राहत होती. आता मला सांगा, १९५० साली पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून काय ढ मुलं बाहेर पडत होती? ग्रँट मेडिकलच्या डॉक्टरांना नाडी बघता येत नव्हती? गुणवत्ता तेव्हाही होती. दार नव्हतं.

दार उघडलं ३ ऑक्टोबर १९६५ला. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी बसून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्थलांतराच्या नव्या कायद्यावर सही केली. कोणत्या देशात जन्मलात यावरून ठरणारा कोटा गेला आणि एकेका देशातून वर्षाला वीस हजारांपर्यंत माणसं येऊ शकतील अशी सोय झाली. विधेयक ज्यांच्या नावाने ओळखलं जातं त्यांत एक इमॅन्युएल सेलर, ब्रुकलिनचे. १९२४चा काळा कायदा झाला तेव्हा ते प्रतिनिधीगृहात नवखे होते आणि त्याच्या विरोधात बोलले होते. चार दशकं त्यांनी तो राग धरून ठेवला. साठच्या दशकात ते सभागृहाच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते. १९६४चा नागरी हक्क कायदा, १९६५चा मतदान हक्क कायदा आणि आपल्याला आत घेणारा कायदा, तिन्ही याच समितीच्या टेबलावरून गेले. घरातल्या काळ्या माणसाला जन्मावरून मोजणार नाही, असं कबूल केल्यावर दारात उभ्या असलेल्या पिवळ्या-सावळ्याला जन्मावरून हाकलणं अवघड झालं. इतकं साधं गणित आहे.

बरं, हे करणाऱ्यांना आपण हवेच होतो असंही समजू नका. नातेवाइकांना प्राधान्य द्यायचं कलम घातलं ते आशियातून फारसं कुणी येणार नाही या हिशेबाने, कारण आशियावाल्यांचे इथे नातेवाईक होतेच कुठे? आपण आलो ते त्यांचा हिशेब चुकला म्हणून.

आणि रक्त कुणाचं सांडलं? ७ मार्च १९६५, रविवार, अलाबामातलं सेल्मा गाव. गावात निम्मी वस्ती काळ्यांची, आणि मतदारयादीत त्यांच्यातले शंभरात दोन. मतदानाच्या हक्कासाठी सहाशेच्या आसपास माणसं मोर्चाने पुलावरून निघाली. पुलाला नाव एडमंड पेटसचं, म्हणजे गुलामगिरी टिकवायला लढलेल्या सेनापतीचं. पलीकडे पोलीस उभे. दोन-दोनच्या रांगेत, हातात काही नसलेल्या माणसांवर अश्रुधूर, लाठ्या आणि घोडे सोडले. मोर्चाच्या पुढे असलेल्या पंचवीस वर्षांच्या जॉन लुईस यांची कवटी फुटली. त्या रात्री एका वाहिनीवर न्यूरेंबर्ग खटल्यावरचा सिनेमा चालू होता. तो मध्येच थांबवून ही दृश्यं दाखवली. नाझींचा न्याय बघत सोफ्यावर बसलेल्या अमेरिकेला आपलेच पोलीस दिसले. जॉन्सन यांना मतदान हक्काचं विधेयक घेऊन काँग्रेससमोर उभं राहावं लागलं ते त्यानंतर आठच दिवसांनी. आधी म्हणत होते, घाई नको, आत्ताच तर एक कायदा केला. सेल्माच्या पुलापासून आपल्या व्हिसाच्या कायद्यापर्यंत सात महिनेसुद्धा लागले नाहीत. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मराठीत आपल्याचसाठी राखून ठेवली होती की काय, असं मला वाटतं.

आता दुसरी गोष्ट, ‘देशाने दिलं’ ही. देशाने म्हणजे सरकारनेच ना? मग सरकारचा हात जरा जवळून बघू.

मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यावर फॅनी लू हेमर नावाच्या बाई अठरा वर्षं राबत होत्या. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्या इंडियानोला गावी मतदार म्हणून नाव घालायला गेल्या. कारकुनाने त्यांच्यापुढे मिसिसिपीच्या राज्यघटनेतलं एक कलम टाकलं, ‘डी फॅक्टो’ कायद्यांबद्दलचं, आणि सांगितलं की उतरवून काढा आणि अर्थ लिहा. मंडळी, या सभागृहात वकील बसलेत, त्यांनीही खिशातलं पेन काढून बघावं. बाई नापास. संध्याकाळी मळेवाला म्हणाला, अर्ज मागे घे नाहीतर चालती हो. त्या रात्रीच त्यांनी ते घर सोडलं. पुढच्या वर्षी विनोना गावच्या तुरुंगात त्यांना मारण्यासाठी पोलिसांनी दोन काळ्या कैद्यांच्याच हातात सोटा दिला. शरीर कायमचं अधू झालं.

२२ ऑगस्ट १९६४. डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात, अटलांटिक सिटीला, या बाई पक्षाच्या समितीपुढे हे सगळं सांगत होत्या, टीव्हीवर थेट. व्हाइट हाउसमध्ये जॉन्सन अस्वस्थ. दक्षिणेतली मतं जातील! त्यांनी तातडीने पत्रकारांना बोलावलं, कॅमेरे तिकडे वळले, बाई पडद्यावरून गायब. नागरी हक्क कायद्यावर सही करून या गृहस्थांना पुरते आठ आठवडेही झाले नव्हते. डाव मात्र फसला. वाहिन्यांनी संध्याकाळी बाईंची साक्ष पुन्हा दाखवली आणि दुपारपेक्षा जास्त लोकांनी ती पाहिली.

तो नागरी हक्क कायदा तरी कसा झाला? दक्षिणेच्या सिनेटरांनी साठ दिवस नुसती भाषणं करून तो अडवला. वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड तर चौदा तासांहून जास्त बोलले. (आपल्याकडचे परिचयकर्ते त्यांच्यापुढे कुणीच नव्हेत.) १० जून १९६४ला चर्चा बंद करण्याच्या ठरावावर मतदान झालं. सदुसष्ट मतं लागत होती. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल मेंदूच्या गाठीने मरणाला टेकलेले, वाचा गेलेली, त्यांना चाकांच्या खुर्चीवरून आणलं होतं. नाव पुकारलं. तोंडातून शब्द फुटेना. त्यांनी हात कसाबसा उचलून स्वतःच्या डोळ्याकडे बोट केलं. इंग्रजीत डोळा आणि होकार यांचा उच्चार एकच. मत नोंदलं गेलं. ७१ विरुद्ध २९. पुढच्या महिन्याच्या शेवटी एंगल गेले.

एंगल सरकारातलेच होते, हे मी विसरलो नाही. तिथेही माणसं होती. पण त्या माणसांना त्या दिवशी त्या सभागृहात आणलं होतं ते ग्रीन्सबरोत गोऱ्यांच्या उपाहारगृहात गिऱ्हाइकाच्या जागेवर बसून राहिलेल्या पोरांनी, अ‍ॅनिस्टनला जाळलेल्या बसमधल्या प्रवाशांनी आणि बर्मिंगहॅममध्ये कुत्र्यांपुढे उभ्या राहिलेल्या शाळकरी मुलांनी.

आणि हेच सरकार रात्री काय करत होतं? तुमच्यापैकी अनेकांच्या मनात केनेडी बंधू म्हणजे राम-लक्ष्मण आहेत. ऑगस्ट १९६३मध्ये वॉशिंग्टनला अडीच लाखांचा मोर्चा झाला आणि ऑक्टोबरात धाकट्या केनेडींनी, देशाचे अ‍ॅटर्नी जनरल म्हणून, मार्टिन ल्यूथर किंग यांचे फोन चोरून ऐकायला एफबीआयला लेखी परवानगी दिली. हॉटेलांच्या खोल्यांतही माइक लपवले गेले. नोव्हेंबर १९६४मध्ये, नोबेलची घोषणा झालेली असताना, एफबीआयने निनावी पत्र आणि एक ध्वनिफीत किंग यांच्याकडे पाठवली. मजकुराचा रोख असा की आता जीव देण्यावाचून तुला गत्यंतर नाही. पाकीट उघडलं त्यांच्या पत्नीने. हे मी कुठल्या चहाच्या टपरीवर ऐकलेलं नाही. सत्तरच्या दशकात सिनेटच्याच चौकशी समितीने ते उघड केलं. ४ डिसेंबर १९६९च्या पहाटे शिकागोत ब्लॅक पँथरचा एकवीस वर्षांचा नेता फ्रेड हॅम्प्टन पोलिसांच्या गोळ्यांनी बिछान्यातच मारला गेला. त्याच्या घराचा नकाशा एफबीआयच्या खबऱ्याने पुरवला होता. समतेचे कायदे करणारं आणि स्वातंत्र्याचा गळा घोटणारं, दोन्ही एकच सरकार, एकाच दशकात, कधीकधी एकाच आठवड्यात. त्याला दाता म्हणून ओवाळायचं असेल तर खुशाल ओवाळा, माझं तबक वापरू नका.

हे साहित्य संमेलन आहे, म्हणून एक प्रकरण खास लेखकांसाठी. मार्च १९६०मध्ये किंग यांच्या बचावनिधीसाठी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये पानभर जाहिरात आली. तीत चुका होत्या. किंग यांना सात वेळा अटक झाली असं छापलं, झाली होती चार वेळा. विद्यार्थ्यांनी एक देशभक्तिपर गाणं म्हटलं असं छापलं, म्हटलं होतं राष्ट्रगीत. एवढ्यावर मॉन्टगोमेरीच्या पोलिसांवर देखरेख ठेवणारे आयुक्त सलिव्हन यांनी अब्रूनुकसानीचा दावा लावला. जाहिरातीत त्यांचं नावसुद्धा नव्हतं! अलाबामाच्या ज्यूरीने पाच लाख डॉलर मंजूर केले. टाइम्सबरोबर चार काळे धर्मोपदेशकही प्रतिवादी होते, त्यांच्या मोटारी जप्त झाल्या. १९६४ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल एकमताने फिरवला. अधिकाऱ्यावर टीका करताना नकळत चूक झाली तर लेखकाला भिकेला लावता येणार नाही, जाणूनबुजून खोटं लिहिलं किंवा खऱ्याखोट्याची पर्वाच केली नाही हे सिद्ध करावं लागेल. इथे बसून तुम्ही ब्लॉगांवर, दिवाळी अंकांत वाटेल त्या पुढाऱ्याला झोडता, ती ढाल या खटल्यातली आहे. तिची किंमत त्या चौघांनी मोटारी देऊन चुकवली.

आपली माणसं त्या लढ्यात नव्हतीच असं नाही. मे १९६४मध्ये राममनोहर लोहिया मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात गोऱ्यांच्या उपाहारगृहात धोतर नेसून गेले. निघून जा म्हटल्यावर निघाले नाहीत, अटक झाली. अमेरिकन सरकारने दिलगिरी व्यक्त केली. मी निग्रो नाही, परदेशी पाहुणा आहे, एवढं म्हणाले असते तर कदाचित ताटही मिळालं असतं. आणि त्याच्याही किती आधी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी पुण्यात बसून ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. लोकांना, मंडळी. लिंकनच्या पक्षाला नाही, वॉशिंग्टनच्या सरकारला नाही. अमेरिकेत कधी पाऊल न ठेवलेल्या माणसाला जे कळलं ते पन्नास वर्षं इथे राहून आपल्याला कळत नाही. १९७२ला मुंबईत ढसाळ, ढाले, ज. वि. पवार यांनी दलित पँथर काढताना ‘पँथर’ हे नाव ओकलंडच्या ब्लॅक पँथरकडून उचललं, त्यांनाही ते कळलं होतं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं काळ्यांचं, आपला काय संबंध? १९६४च्या त्या कायद्याच्या सातव्या प्रकरणात नोकरीतल्या भेदभावाला बंदी आहे: वंश, रंग, धर्म, लिंग आणि राष्ट्रीय मूळ. बढती डावलली गेली, उच्चारांची टिंगल झाली, की आपली मंडळी याच प्रकरणाखाली तक्रार करतात. करावीच. पण २०२३ साली सिएटलने आपल्या शहराच्या कायद्यातल्या अशाच यादीत जातीची भर घातली, कॅलिफोर्नियात विधेयक आलं, तेव्हा आपल्यातले बरेच जण एकदम भाषा बदलून बोलू लागले. इथे जात आहेच कुठे? आपली बदनामी होईल. हे वाक्य मी ओळखतो. मिसिसिपीचे गव्हर्नर १९६२ला अगदी याच सुरात बोलत होते: आमच्याकडे सगळं गुण्यागोविंदाने चाललंय, बाहेरचे येऊन कळ लावतात. आणि जात नाहीच म्हणणाऱ्यांनी या मांडवाखालची नवी ओळख ऐकावी. नाव सांगितलं की दुसरा प्रश्न येतो, ‘आडनाव?’ तिसरा, ‘म्हणजे मूळचे कुठले?’ चौथ्या प्रश्नाची गरजच उरत नाही.

कार्यकारिणीतल्या दोघांनी मघाशी जेवताना मला बाजूला घेतलं. म्हणाले, सर, मराठी शाळेत सेल्माचा आणि हेमरबाईंचा धडा लावायचा ठराव ठीक आहे, तो मांडा, सगळे हात वर करतील. पण जातीवरच्या भेदभावाला कायद्याने बंदी असावी, या मागणीला मंडळाने पाठिंबा द्यावा हा दुसरा ठराव राहू द्या, मंडळ फुटेल. दोघंही सज्जन आहेत, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही.

खुलं अधिवेशन साडेचारला आहे. दुसरा ठराव मी पहिला मांडणार आहे. विरोधात बोलायचंय त्यांनी आत्ताच सूत्रसंचालकांकडे नाव द्यावं, आणि बोलताना आपलं पूर्ण आडनाव सांगावं.