अश्वगुरूंची शाळा



‘अश्वगुरू’ हा शब्द कानी पडताच कोणीही त्याचा विग्रह ‘अश्वांचा गुरू’ असाच करील. आमच्या मनातला समास तत्पुरुष नसून कर्मधारय आहे. अश्व हाच गुरू. शिष्य आहे तो माणूस.

आपल्यापैकी बहुतेकांचा घोड्याच्या पाठीशी संबंध येतो तो एक तर माथेरानला, नाही तर स्वतःच्या वरातीत. दोन्ही प्रसंगी लगाम दुसऱ्याच्या हाती असतो आणि आपण ओझ्यासारखे वर बसलेले असतो. याला स्वारी म्हणावयाचे तर पालखीत बसलेल्यालाही भोई म्हणावे लागेल. तेव्हा घोडा माणसाला शिकवतो म्हणजे काय, हे पाहायला आपण ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे जाऊ.

तेथे जुन्या राजवाड्याच्या आवारात ‘स्पॅनिश रायडिंग स्कूल’ नावाची अश्वारोहणाची शाळा आहे. शाळा ऑस्ट्रियाची, मग नाव स्पॅनिश का? सोळाव्या शतकात तेथील राजघराण्याने स्पेनमधून घोडे आणवले, त्यावरून ते नाव पडले. १५८० साली, आज स्लोव्हेनियात असलेल्या लिपित्सा या गावी घोड्यांची पैदास सुरू झाली आणि गावावरून जातीला लिपिझानेर हे नाव मिळाले. शाळेचे आजचे सभागृह सहाव्या चार्ल्स बादशहाने १७२९ ते १७३५ या काळात बांधवून घेतले. वर झुंबरे, भोवती खांबांची ओळ, खाली मऊ मातीची जमीन. स्वार आत येताच बादशहाच्या तसबिरीकडे पाहून टोपी काढतात. ही शिंगरे जन्मतः काळपट असतात आणि साधारण सहाव्या ते दहाव्या वर्षांपर्यंत पांढरी होत जातात. म्हणजे या शाळेत पांढरा रंग हा पिकलेल्या केसांचा मान आहे, असे म्हणायला हरकत नाही. (एखादा घोडा जन्मभर काळपटच राहतो, असा एक तरी पागेत असणे तेथे शुभ मानतात. आपणच तेवढे शकुन पाहतो असे नाही.)

आता शिष्याकडे वळू. आपल्या जुन्या फौजेत स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. व्हिएन्नाचा शिष्य हा बारगीर. सकाळी पागा झाडणे, खरारा करणे, खोगीर चढवणे ही मोतद्दाराची कामे त्याच्या शिक्षणातच धरलेली असतात. मग एका वयस्क, मुरलेल्या घोड्यावर त्याला बसवतात. मात्र पायाला रिकीब नाही आणि हाताला लगाम नाही. गुरुजी मध्यभागी लांब दोरी धरून उभे राहतात, घोडा त्यांच्याभोवती वर्तुळात फिरतो आणि शिष्य वर नुसता बसायला शिकतो. दिवसच्या दिवस नव्हे, महिनेच्या महिने!

हा छळ कशासाठी? लगाम हाती आला की तोल जाऊ लागलेला माणूस आधार म्हणून तोच धरतो. त्या लगामाची कडी घोड्याच्या तोंडात असते. म्हणजे स्वाराच्या प्रत्येक धडपडीचा हिसका जनावराच्या जिभेला आणि जबड्याला बसतो. तेव्हा आधी मांड पक्की आणि मग लगाम, हा तेथील क्रम आहे.

खरा धडा पुढे सुरू होतो. अंगावर माशी बसली तरी घोड्याची कातडी तेवढ्याच जागी थरथरते, हे आपण पाहिलेले आहे. मग पाठीवर बसलेल्या माणसाचे वजन उजवीकडून डावीकडे सरकलेले त्याला कळणार नाही काय? शिष्य मनात म्हणतो, ‘सरळ चल.’ पण नकळत तो उजव्या बाजूला कललेला असतो, आणि घोडा उजवीकडे सरकतो. शिष्य तक्रार करतो की घोडा चुकला. गुरुजी म्हणतात, घोडा चुकला नाही, तुझ्या अंगाने जे सांगितले ते त्याने केले. कोवळ्या, न शिकवलेल्या घोड्यावर ही चूक कधीच उमगली नसती, कारण दोष स्वाराचा की घोड्याचा याचा निवाडा कोण करणार? दोघेही नवखे म्हणजे आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवण्यातला प्रकार. म्हातारा घोडा हा तराजू आहे. जागच्या जागी दुडकी चालणे, धावताना प्रत्येक ढांगेला आघाडीचा पाय बदलणे अशा अवघड गोष्टी त्याला येतात. पण प्रश्न बरोबर विचारला तरच उत्तर मिळते. एकदा ते मिळाले, की बरोबर म्हणजे काय याची खूण शिष्याच्या अंगात बसते. ही खूण पुस्तक देऊ शकत नाही.

या गुरूला साधू समजू नये. नवखा स्वार ओळखून तो अंग चोरतो, कोपरे कापतो. शिवाय रोज चुकीच्या खुणा मिळाल्या तर तो स्वतः बिघडतो. म्हणून जाणते स्वार मधूनमधून त्याच्यावर बसून त्याची विद्या घासूनपुसून ठेवतात. जुलमाने करून घेतलेल्या कामात घोड्याला समज नसते आणि सौंदर्यही नसते, हे झेनोफन या ग्रीकाने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच लिहून ठेवले आहे. स्वाराच्या कोटाच्या शेपटात साखरेसाठी चोरखिसा असतो तो उगाच नव्हे.

आलोइस पोधायस्की हा ऑस्ट्रियन लष्करातला अधिकारी. चांगला स्वार असूनही १९३३ साली या शाळेत येऊन तो पुन्हा शिष्य झाला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्याने कांस्यपदक मिळवले आणि १९३९ साली तो शाळेचा प्रमुख झाला. पुढे त्याने आपल्या आठवणींचे पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच घोडे हे आपले शिक्षक असल्याचे सांगितले आहे.

१९४५ साली व्हिएन्नावर बाँब पडत होते. पोधायस्कीने शाळेचे घोडे उत्तर ऑस्ट्रियातल्या सांक्ट मार्टिन येथे हलवले. पैदाशीच्या घोड्या तर त्याआधीच बोहेमियात होस्टाऊ येथे नेलेल्या होत्या. लोक उपाशी होते, आणि उपाशी माणसाला घोडा म्हणजे मांस दिसते. ७ मे १९४५ रोजी अमेरिकन सेनापती पॅटनपुढे त्याने घोड्यांचा खेळ करून दाखवला आणि शाळेला संरक्षण मागितले. पॅटन स्वतः घोडदळाचा माणूस, १९१२ च्या ऑलिंपिकमधला स्पर्धक; त्याने ते दिले. होस्टाऊच्या घोड्या त्याच सुमारास अमेरिकन तुकडीने सोडवून आणल्या होत्या.

घोड्या वाचल्या नसत्या तर वंश खुंटला असता. घोडे वाचले नसते तर विद्या खुंटली असती. शिंगरू चार वर्षांत शिकायला उभे राहते, पण त्याचा गुरू व्हायला पुढे आणखी कितीतरी वर्षे लागतात. या शाळेचे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या तोंडीच चालत आले. १८९८ साली काही नियम लिहून काढले गेले खरे, पण जो ते वाचील त्याला घोड्यावर बसता येईल असा दावा कोणीच केला नाही. घोडे आणि स्वार व्हिएन्नाच्या आपल्या सभागृहात परत आले ते १९५५ साली. २०१५ साली युनेस्कोने या विद्येची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली.

२००८ साली प्रथमच मुलींना शिष्य म्हणून घेतले. त्यांनाही तीच दोरी आणि तेच महिने. आठ-दहा वर्षांनी शिष्य स्वार या पदवीच्या उंबरठ्यावर येतो, तेव्हा शेवटचे काम त्याच्यावर सोपवतात. एक कोवळा घोडा त्याच्या हाती देतात, आणि त्या घोड्याला त्याने स्वतः पहिल्या पाठापासून सभागृहातल्या प्रयोगापर्यंत न्यावयाचे असते. तो घोडा म्हातारा होईल, तेव्हा त्याच्या पाठीवर कोणी नवा शिष्य रिकिबीवाचून बसलेला असेल.