जाहिरातीतलं घर, यादीतला संसार

(विटा इथल्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जुन्या जाहिरातींमध्ये उद्याचं घर कसं दाखवत होते यावर मी बोलणार आहे, असं कळल्यावर आमच्या गटातली एक मावशी म्हणाली, "आमच्या कालच्या भाकरीचं बोल की, उद्याच्या घराचं काय घेऊन बसलीस?" म्हणून आधी मी या विषयाकडे कशी वळले ते सांगते.

मी कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करते. सासरहून बाहेर काढलेली बाई येते. रडून, बोलून झालं की आम्ही कागद घेतो आणि तिच्या वस्तूंची यादी करायला बसतो. कपाट, कुकर, मिक्सर, शिलाई मशीन, फ्रिज, गॅसची शेगडी, टेबलफॅन. एकदा अशी यादी लिहिता लिहिता माझा हात थांबला. आमच्या आत्याच्या ट्रंकेत जुनी मासिकं होती, लहानपणी आम्ही त्यातल्या जाहिरातींची चित्रं कापून वहीत चिकटवायचो. माझ्यासमोरच्या कागदावर तीच चित्रं शब्दांत उतरली होती. फरक एवढाच, की चित्रातली बाई त्या वस्तूंपाशी हसत उभी असायची आणि इथली बाई अंगावरच्या साडीनिशी माझ्यासमोर बसली होती.

आपल्याच जिल्ह्यात, किर्लोस्करवाडीत, १९३० साली 'स्त्री' मासिक सुरू झालं. ज्या गावांत वीज यायला अजून कितीतरी वर्षं होती, तिथल्या शिकलेल्या बायकांच्या हातात छापील पान आधी पोचलं. वस्तू मागाहून आली, तिचं चित्र आधी आलं. शिलाई मशीन त्यातल्या त्यात लवकर आलं, कारण सिंगर कंपनी ते हप्त्यांवर देत असे. पुढे उषा मशीनची एक जाहिरात होती. आई मुलीला मशीनवर शिवायला शिकवते आहे आणि आईला सल्ला दिलाय, की हिला आदर्श गृहिणी होण्याचं शिक्षण द्या. मशीन नवं, मुलीचं भविष्य मात्र आजीचंच!

हे काही आपल्याकडचंच नाही. अमेरिकेत १९३९ साली न्यूयॉर्कला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, त्याचा विषयच 'उद्याचं जग' हा होता. तिथे वेस्टिंगहाउस कंपनीनं दोन बायकांची भांडी घासायची शर्यत लावली. एक 'मिसेस मॉडर्न', तिच्याकडे भांडी धुण्याचं यंत्र. दुसरी 'मिसेस ड्रज', म्हणजे राबराब राबणारी, ती हातानं घासणार. जिंकणार कोण हे ठरलेलंच होतं. पण मला त्यातली तिसरी व्यक्ती दिसत नाही. जेवून उठलेला मिस्टर कुठे गेला?

१९५७ साली डिस्नेलँडमध्ये मोन्सॅन्टो कंपनीनं अख्खं प्लॅस्टिकचं 'भविष्यातलं घर' उभं केलं. त्यात मायक्रोवेव्ह होता, ध्वनिलहरींनी भांडी धुण्याची सोय होती. (दहा वर्षांनी ते पाडायला गेले तर लोखंडी गोळा आपटून आपटूनही पडेना म्हणतात. भविष्य फारच मजबूत निघालं.) १९६९ साली हनीवेल कंपनीचा 'किचन कॉम्प्युटर' एका महागड्या दुकानाच्या कॅटलॉगात झळकला. किंमत १०,६०० डॉलर, काम काय तर पाककृती साठवणं. त्याच्या जाहिरातीत उपरोधानं म्हटलं होतं, की कॉम्प्युटर जशी गणितं करतो तसा स्वयंपाक हिला करता आला तर! तो एकही विकला गेल्याची नोंद नाही. म्हणजे भिंती कशाच्या असतील, भांडी कशानं धुतील, सगळ्याची कल्पना या हुशार माणसांना करता आली. स्वयंपाकघरात दुसरं कुणी उभं राहील ही एवढीशी कल्पना करता आली नाही.

आता कुणी म्हणेल, ही बाई यंत्रांच्या विरोधात आहे. अजिबात नाही. माझ्या आजीच्या तळहाताला जात्याच्या खुंट्याचे घट्टे होते, ते मी पाहिलेत. ओव्या कितीही गोड असल्या तरी पहाटे उठून पायलीभर दळणं गोड नव्हतं. पण गंमत बघा, आपल्या भागात बाईचे कष्ट सगळ्यांत जास्त कशानं कमी झाले? गावातल्या पिठाच्या गिरणीनं आणि दारातल्या नळानं. या दोन्ही गोष्टी नवऱ्यानं बायकोला लाडानं आणून देण्यासारख्या नव्हत्या, म्हणून त्या कुठल्या रंगीत पानावर झळकल्या नाहीत. त्या गावानं मिळून करायच्या होत्या, सरकारकडे मागायच्या होत्या, त्यासाठी हंडा मोर्चे काढावे लागले. खानापूर तालुक्यातल्या बाईला हे मी काय सांगणार. नळाला पाणी नसलं की कपडे धुण्याच्या मशीनवर लोणच्याच्या बरण्या ठेवतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि जे यंत्र सगळ्यांत आधी घराघरांत पोचलं त्याचं काय झालं? रॉकेलचा स्टोव्ह. बिनधुराचा, झटपट, चूल फुंकण्यापासून सुटका. सुटका खरीच होती. पण आपल्या चळवळीला 'स्टोव्हचा भडका' हे दोन शब्द कसे माहीत आहेत ते आठवा. सून जळाली, की पंचनाम्यात स्टोव्ह भडकल्याचं लिहिलं जायचं. त्याच घरात सासू त्याच स्टोव्हवर रोज चहा करायची, तिच्या हातून तो कधी भडकत नसे. त्या मोर्च्यांतून, त्या आकांतातून १९८३ साली ४९८-अ कलम आलं आणि १९८६ साली हुंडाबळीचं ३०४-ब. (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत हेच गुन्हे अनुक्रमे ८५ आणि ८० या कलमांखाली येतात. अर्ज लिहिणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे आकडे वहीत लिहून ठेवा.)

वेळ वाचेल, हे जाहिरातींचं मोठं आश्वासन. रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली आपल्या पुस्तकात दाखवून दिलं, की घरात यंत्रं आली तरी गृहिणीचे कामाचे तास फारसे घटले नाहीत. कपडे धुणं सोपं झालं तसे कपडे रोज धुवावे लागले. जी कामं पुरुष आणि मुलं करायची तीही तिच्याकडे आली. आपल्याकडे सरकारनंच २०१९ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. बिनमोल घरकाम दिवसभरात करणाऱ्या बायका ८१ टक्के, पुरुष २६ टक्के. करणाऱ्या बाईचे दिवसाला २९९ मिनिटं, करणाऱ्या पुरुषाची ९७. पाच वर्षांनी, २०२४ साली पुन्हा पाहणी झाली. बाईची दहा मिनिटं कमी झाली, पुरुषाची नऊ. मिक्सर, गॅस, कुकर सगळं धरून हा हिशोब आहे.

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे, आणि ते त्या यादीतच आहे. प्रेस्टिज कुकरची जुनी जाहिरात तुमच्यातल्या पुष्कळ जणींना आठवत असेल. बायकोवर प्रेम करणारा प्रेस्टिजला नाही कसं म्हणेल, असा सवाल. घेणारा तो, वापरणारी ती. मग वस्तू कुणाची? चित्रात बघून वाटतं तिची. आम्ही केंद्रात विचारतो, "बिल कुणाच्या नावावर?" तर बिल बापाच्या नावावर, नाहीतर नवऱ्याच्या, नाहीतर बिलच नाही. लग्नाच्या याद्या झाल्या तेव्हा पानसुपारी घेऊन सगळं कागदावर उतरलं होतं, तो कागद कुठाय? सासरच्यांकडे. आणि आता तर नवाच प्रकार. कर्ज बचत गटातलं, हप्ता बाईच्या नावावर, फ्रिज त्याच्या घरात. ती बाहेर पडली तरी हप्ता तिच्या मागे माहेरी येतो, फ्रिज येत नाही.

स्त्रीधनावर बाईचाच पूर्ण हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं. त्याच वर्षी केंद्र सरकारनं नियम केले, की लग्नात मिळालेल्या भेटवस्तूंची लेखी यादी व्हावी, तिच्यावर वधू आणि वर दोघांच्या सह्या असाव्यात, आणि वधूला मिळालेल्या वस्तूंची यादी वधूनं स्वतःजवळ ठेवावी. किती लग्नांत हे होतं? मी स्वतःच्याही लग्नात केलं नाही, खोटं कशाला बोलू. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मॅजिस्ट्रेट स्त्रीधन परत करायचा हुकूम देऊ शकतात. पण हुकूम देणाऱ्यालाही काहीतरी कागद दिसायला हवा. तेव्हा या दिवाळीला जी वस्तू घराघरांत येईल तिचं बिल आपल्या नावावर करून घ्या. त्याचा फोटो मोबाइलवर काढून बहिणीकडे, मैत्रिणीकडे पाठवून ठेवा. दुकानदार हसेल, त्याला हसू दे.

गेल्या वर्षी आमच्याकडच्या एका बाईला दोन वर्षांच्या खेपांनंतर सामान परत मिळालं. टेम्पो तिच्या माहेरच्या दारात लागला. कपाटाचा आरसा फुटलेला होता, शिलाई मशीनचा पट्टा नव्हता. मिक्सरचं एकच भांडं आलं, तेही झाकणाशिवाय. तिनं यादीवर खुणा करत करत सगळं उतरवून घेतलं आणि शेवटी मला विचारलं, "ताई, झाकण यादीत लिहिलं नव्हतं का आपण?"

नव्हतं लिहिलं. आता लिहिते.