इबादत एकाची, संसार दोघांचा



निकाहाच्या वेळी पतिपत्नींची धर्मनिष्ठा बहुधा सारखी असते. पुढे एकाचे मन पालटते. पती पाच वेळचा नमाजी होऊन चाळीस दिवसांच्या चिल्ल्यावर निघतो. कुठे पत्नी बुरखा घेऊ लागते आणि पतीला ते रुचत नाही. घरात अबोला शिरतो.

हा प्रश्न जुनाच आहे. आपल्या जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे गाव मानले जाते. नामदेव विठ्ठलभक्तीत रमले, तर पत्नी राजाईच्या नावावरील अभंगांत घरच्या ओढगस्तीची तक्रार आहे. त्यांची भक्ती खरी होती, तिची अडचणही खरी होती.

सीरतच्या ग्रंथांत पैगंबरसाहेबांच्या कन्या हजरत जैनब यांची हकीकत येते. त्यांनी इस्लाम स्वीकारला, पती अबुल आस यांनी नाही. कुरैशांनी तलाकसाठी गळ घातली, ती त्यांनी मानली नाही. इ. स. 624 मध्ये बद्रच्या लढाईत ते कैद झाले, तेव्हा जैनब यांनी आई खदीजांनी दिलेला हार त्यांच्या सुटकेसाठी पाठविला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर अबुल आस स्वतःहून मुसलमान झाले.

तेव्हा चिल्ल्यावर निघणाऱ्याने हळदीची काढणी, मुलांची फी, औषधपाणी यांची सोय पत्नीशी बोलून आधी करावी. ज्याचे मन पालटलेले नाही त्याने थट्टा करू नये. उलट सहेरीला जोडीदाराला उठवावे. आणि दोघांनीही भांडणात मुलांना पंच करू नये.