लंपन आपल्या वर्गात

(प्राथमिक शाळेत वाचनाचा तास घेणाऱ्या तरुण मुलामुलींसमोर केलेलं बोलणं, थोडं नीट करून)



मला सांगितलंय की वीस मिनिटांत आटप. लंपनबद्दल वीस मिनिटांत बोलणं अवघड आहे, पण बघूया.

गेली दोन वर्षं शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचा तास मला मिळतो. तिसरी-चौथी एकत्र, पोरं बावीस-तेवीस, आणि पुस्तक एकच. ते म्हणजे प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’. तुमच्यातले काही म्हणतील, हे लहान मुलांचं पुस्तक कुठे आहे? बरोबर आहे. संतांनी ते मोठ्यांसाठीच लिहिलं. शिवाय ती सरळ कादंबरी नाही, कथा आहेत. पण एकामागून एक वाचत गेलं की एका पोराची कादंबरीच होते. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ अशी चार पुस्तकं, आणि चारही पुस्तकांत तोच लंपन.

आईवडिलांना सोडून आजी-आजोबांकडे राहायला आलेला मुलगा. आता आपल्या वर्गात बघा. बाप पुण्याला नाहीतर गोव्याला कामाला, आई त्याच्याबरोबर, आणि पोरगं आजीकडे. अशी चार-पाच पोरं माझ्या त्या एका वर्गात आहेत. त्यांना ‘वनवास’ या नावाचा अर्थ समजवायला लागला नाही. पहिल्याच दिवशी एका मुलीनं विचारलं, “त्याची आई कधी येते?” मी म्हटलं, पुढे बघू. पुढचा शनिवार येईपर्यंत ती रोज मला रस्त्यात गाठून तेच विचारायची.

दुसरी गोष्ट भाषेची. ही मला जास्त महत्त्वाची वाटते.

आपली पोरं घरात “काय करूलास?” म्हणतात, “मी भात खाल्लो” म्हणतात. शाळेच्या वहीत त्यावर लाल रेघ येते. प्रमाण मराठी शिकायलाच पाहिजे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पोराला हळूहळू असं वाटायला लागतं की आपण बोलतो ते मराठीच नव्हे. तिकडून कानडीत बोलणारे म्हणणार तू मराठी, इकडून पुण्याचे पाहुणे हसणार की ही कसली मराठी. मग पोरगं दोन्हीकडे गप्प. आणि गप्प बसलेलं पोरगं पुढे मराठी शाळा सोडताना मागे वळून बघत नाही.

अशा पोरासमोर लंपन येतो. त्याच्या गावात मराठी आणि कानडी एकमेकांत मिसळलेली. त्याचे दोस्त कोण? कणबर्गी गंग्या, जंब्या कटकोळ, एश्या, बाबूराव. मी ‘कणबर्गी’ म्हटल्याबरोबर मागच्या बाकावरनं ओरडा आला, “सर, आमची मावशी तिथंच ऱ्हाते!” पुस्तकातल्या माणसाचं नाव आपल्या सिटी बसच्या पाटीवर असतं, हे त्या पोरांनी पहिल्यांदाच अनुभवलं. तोवर त्यांच्या पुस्तकांतली गावं सगळी लांबची.

आणि हे लिहिणारा माणूसही इथलाच. संतांचा जन्म 1937 चा. आई म्हणजे कवयित्री इंदिरा संत, ज्यांचं आयुष्य बेळगावात गेलं. स्वतः प्रकाश संत कराडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. म्हणजे आयुष्यभर दगडमाती शिकवली आणि लिहिलं ते लहानपणच्या गावाबद्दल. 2003 साली ते गेले. 2024 मध्ये ‘लंपन’ नावाची वेब सिरीज आली, तीही काहींनी बघितली असेल. चांगली आहे. पण वर्गात आधी मोबाईल काढू नका. एकदा पडद्यावरचा लंपन बघितला की पोरांच्या डोक्यातला लंपन गेला.

आता कसं वाचायचं, ते सांगतो. सगळं वाचायचं नाही. संत पानभर वर्णन करतात, झाडं, उजेड, वास. तुम्हाआम्हाला ते आवडतं, पण आठ वर्षांचं पोरगं तिथं खिडकीबाहेर बघायला लागतं. ती पानं गाळा, वाईट वाटून घेऊ नका. दोस्तांचे प्रसंग घ्या, आजीचं बोलणं घ्या. आजीचं बोलणं तुमच्या स्वतःच्या आजीच्या सुरात वाचा, बातम्या दिल्यासारखं नको. एका वेळी पंधरा मिनिटं, आणि गोष्ट रंगात आली की पुस्तक मिटायचं.

शेवटी तात्पर्य विचारायचं नाही. हे मी हात जोडून सांगतो. “या गोष्टीतून काय बोध मिळतो?” म्हटलं की वर्गातली निम्मी पोरं पोटात दुखतंय म्हणून बाहेर जातात. त्यापेक्षा विचारा, तुमच्या गल्लीत असा गंग्या कोण आहे? मग बघा, घंटा झाली तरी कुणी उठत नाही.

लंपनला काहीही सांगताना मोठमोठे विचित्र आकडे फेकायची सवय आहे, आणि ‘मॅड’ हा शब्द तर त्याच्या तोंडात कायम. पोरांनी हे दोन्ही एका शनिवारात उचललं. मी त्यांना त्याच पद्धतीनं स्वतःबद्दल पाच ओळी लिहायला सांगितल्या. एका पोरानं लिहिलं, “मी काल सातशे एकोणचाळीस भाकऱ्या खाल्लो आणि आजी मॅडच झाली.” वर्षभर वहीत तारखेपलीकडे काही न लिहिणारा पोरगा तो. मी ‘खाल्लो’वर रेघ मारली नाही. त्याच्या बाईंनी विचारलं, हे चुकीचं नाही का? मी म्हटलं, बाई, परीक्षेच्या वहीत तुम्ही सुधारा, या वहीत राहू दे. त्या जरा थांबल्या, मग हसल्या. हल्ली त्याही मागच्या बाकावर बसून ऐकतात.

आमच्या वर्गात शेजारच्या कानडी घरातली दोन पोरं येऊन बसतात. त्यांना बसू द्या. पुस्तकात एखादा कानडी शब्द आला की सगळा वर्ग त्यांच्याकडे बघतो आणि ती ऐटीत अर्थ सांगतात. अण्णा, अक्का, अडकित्ता हे शब्द मराठीत कानडीतनं आले, हे आमच्या पोरांना त्या तासात कळलं.

पुस्तकाच्या चार प्रती मी आणल्यात, त्या मागच्या टेबलावर आहेत. नाव लिहून न्या. ज्यांच्या शाळेत तिसरी-चौथीला दहापेक्षा कमी पोरं उरलीत, त्यांनी आधी घ्या. आणि त्या मुलीची आई दिवाळीला येऊन गेली, तेव्हा तिनं आईलाही वर्गात आणलं होतं. आईला पहिली गोष्ट ऐकायची होती, म्हणून आम्ही ती परत पहिल्यापासून वाचली.